समर्थ, समंध आणि हस्तर

अक्कलकोट तालुक्यात ‘समर्थ’ हा शब्द उच्चारला की त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. १८५६ च्या सुमारास अक्कलकोटात आलेले आणि १८७८ मध्ये तेथेच समाधिस्थ झालेले स्वामी समर्थ हाच त्याचा इथला पहिला आणि शेवटचा अर्थ. भिण्याचे कारण नाही, मी पाठीशी आहे, असा धीर देणारे त्यांचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य इकडच्या जीप-रिक्षांच्या मागच्या काचेवर, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर आणि शाळकरी मुलांच्या कंपासपेटीच्या झाकणावरही आढळते. हे वाक्य भयाविषयी आहे, याकडे आमचे लक्ष मात्र बऱ्याच उशिरा, नारायण धारपांच्या निमित्ताने गेले. धारपांच्या भयकथांमधील दुष्टशक्तींशी झुंजणाऱ्या नायकाचे नाव ‘समर्थ’ आहे. पुण्याच्या वाचकाला त्यात रामदास ऐकू येत असतील. मैंदर्गीच्या वाचकाला अक्कलकोटचे स्वामीच ऐकू येणार.

हा फरक किरकोळ नाही, असे आम्हांस वाटते. धारपांविषयी (१९२५–२००८) मराठीत जे थोडेफार लिहिले गेले, त्यातला मुख्य सूर असा, की त्यांनी पाश्चात्त्य भयकथा मराठीत आणली आणि स्टीफन किंग मराठी माणसाला किंगचे नाव ठाऊक होण्याआधी वाचायला दिला. हे खोटे नाही. ‘लुचाई’ ही किंगच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीवर बेतलेली आहे आणि ‘आजी’ ही कथा किंगच्याच ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेवर. पण लेखकाचा प्रभाव मोजायचा तर त्याने कोठून घेतले एवढे पाहून भागत नाही. घेतलेले कोणत्या जमिनीत रुजले आणि तिथे आधीपासून काय उगवत होते, हेही पाहावे लागते. ती जमीन पाहायला मैंदर्गी ही वाईट जागा नाही.

मैंदर्गी हे कर्नाटकच्या सीमेलगतचे, स्वतःची नगरपरिषद असलेले छोटे गाव. अनेक घरांत कन्नड आणि शाळेत मराठी, असा इथला दुभाषी व्यवहार. कन्नडमध्ये देवाला ‘देवरु’ म्हणतात आणि भुताला ‘देव्व’. शेवटच्या अक्षरापुरते अंतर. मराठी शाळेत नव्याने आलेल्या मुलाच्या कानावर ‘देव’ हा शब्द पहिल्यांदा पडतो, तेव्हा त्याच्या मनात नेमके कोण उभे राहत असेल, हा प्रश्न विनोदाचा वाटला तरी भयकथेच्या अभ्यासकाने तो विनोदावारी नेऊ नये. इथून भीमेच्या दिशेने गेले की गाणगापूर लागते. भीमा-अमरजेच्या संगमावरचे, नृसिंह सरस्वतींच्या पादुकांचे हे क्षेत्र ‘बाधा’ झालेल्यांना नेण्याचे ठिकाण म्हणून सर्वत्र ठाऊक आहे. आरतीच्या वेळी तिथे काय घडते, हे या भागातल्या पुष्कळांनी लहानपणी आईवडिलांच्या आडून पाहिलेले असते. म्हणजे भयकथा वाचायला घेण्याआधीच इथल्या वाचकाला तिचा रंगमंच ठाऊक असतो.

त्या रंगमंचाची संहिता ‘गुरुचरित्र’ ही आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘दत्त संप्रदायाचा इतिहास’ लिहिल्यापासून या ग्रंथाकडे संप्रदायाचा ग्रंथ म्हणून पाहण्याची चांगली शिस्त मराठीत आली. पण वाङ्मयाचा विद्यार्थी त्याच्याकडे कथाग्रंथ म्हणून क्वचितच वळतो. त्याचा कर्ता सरस्वती गंगाधर हा मूळ कन्नडभाषक असावा असे मानले जाते. मराठी आपली भाषा नव्हे, अशी कबुली त्याने स्वतःच ग्रंथात दिली आहे. सीमेवरच्या माणसाने, शिकून घेतलेल्या भाषेत, सीमेवरच्या गावांच्या कथा सांगितल्या आणि पुढे सगळ्या महाराष्ट्राने त्यांची पारायणे केली, ही घटनाच पुरेशी विलक्षण आहे.

त्यातील विसाव्या अध्यायापासूनची समंधाची कथा आठवून पाहा. शिरोळच्या एका ब्राह्मण स्त्रीची मुले जन्मतात आणि मरतात. कारण विचारता कळते, की मागल्या जन्मी तिने शौनक गोत्राच्या एका ब्राह्मणाकडून द्रव्य घेतले आणि परत केले नाही. तो मरून पिशाच झाला आणि आता तिच्या संततीचा बळी घेत आहे. इथे भूत ही सरळसरळ थकबाकी आहे. त्याला सूड हवा आहे, पण त्याआधी हिशेब हवा आहे. उपायही तसाच: पिशाचाची उत्तरक्रिया, त्याच्या गोत्रातल्या ब्राह्मणाला द्रव्य, औदुंबराची सेवा. भूत स्वप्नात येऊन अडवते, गुरू मध्ये पडतो, आणि अखेर भुताचीही सुटका होते. पुढे गाणगापुरात गुरू राहायला येतात ते ज्या घराजवळच्या पिंपळावर ब्रह्मराक्षस आहे तिथेच, आणि तोही त्यांच्या हातून मुक्त होतो. या कथांमध्ये भय आहे, पण एकाकीपण नाही. जग एका मोठ्या खातेवहीसारखे आहे. खाते चुकले असेल, पण वही हरवलेली नाही. आणि ती वाचू शकणारा एक माणूस नदीकाठी बसलेला आहे.

आता युरोपातली गॉथिक कादंबरी पाहा. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ १७६४ मध्ये आली. बळकावलेली गादी, बापजाद्यांचे पाप, आणि लग्नाच्या दिवशीच आकाशातून कोसळलेल्या राक्षसी शिरस्त्राणाखाली चिरडलेला वारस. इथेही थकबाकीच आहे. पूर्वजांनी बुडवलेले पुढच्या पिढीकडून वसूल होते. विषय एकच असूनही गॉथिकमधला हिशेब मिटतो तो घर कोसळून. नदीकाठचा माणूस तिथे नाही. असलाच तर तो एखादा भ्रष्ट मठाधिपती असतो. प्रोटेस्टंट इंग्लंडला कॅथलिक मठांविषयी वाटणारा संशय या कादंबऱ्यांच्या तळघरांतून सतत झिरपत राहतो.

ही गॉथिक कादंबरी मराठीत आली तीही मोठ्या आडवाटेने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी शिकलेल्या मराठी तरुणांच्या हातात स्कॉटइतकाच, किंबहुना त्याहून आवडीने, जी. डब्ल्यू. एम. रेनल्ड्स असे. त्याने लांडगा होणाऱ्या माणसाची कादंबरी लिहिली होती आणि लंडनच्या काळोखाची प्रचंड मालिकाही. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ मध्ये ‘पुणेवैभवा’तून येऊ लागली, ती रेनल्ड्सच्याच एका कादंबरीच्या वळणावर. पण हरिभाऊंनी लंडनची गुपिते पुण्यात आणताना त्यांतला अमानुष काळोख गाळून टाकला आणि उरलेल्या सांगाड्यात दारू, फॅशन, विधवा आणि सुधारणा यांचे प्रश्न भरले. मराठी सामाजिक कादंबरीच्या उगमाशी असा एक गॉथिक सापळा आहे, त्यावरचे मांस तेवढे बदललेले आहे. भूत बाहेर ठेवले गेले ते जवळजवळ विसावे शतक अर्धे सरेपर्यंत. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडाने रहस्याची भूक भागवली, पण त्यांच्या रहस्याचा उलगडा अखेर माणसाच्या करणीतच व्हायचा. अमानवी अशा कशाला तरी मराठी गद्यात पुन्हा गंभीरपणे जागा दिली ती धारपांनी.

धारपांचा जन्म १९२५ चा, जी. ए. कुलकर्णींचा १९२३ चा. दोघे एकाच पिढीचे, दोघांचेही इंग्रजी वाचन अफाट, दोघांच्याही लेखनात माणूस कुठल्यातरी अगम्य शक्तीच्या हातात सापडलेला. जी. ए. धारवाडला इंग्रजी शिकवीत आणि त्यांच्या ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, जो त्यांनी परत केला. धारपांच्या शंभरावर पुस्तकांना पुरस्कार परत करण्याचा प्रसंग फारसा आला नसावा. ती भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत फिरली, बसस्थानकावर विकली गेली, पाने सुटेपर्यंत वाचली गेली आणि समीक्षेच्या नोंदवहीत ‘लोकप्रिय वाङ्मय’ या एका शब्दजोडीखाली पुरली गेली. धारप जी. एं.च्या तोडीचे होते, असे आम्हांस म्हणायचे नाही. ते नव्हते. त्यांचे गद्य पुष्कळदा घाईचे आहे, संवाद एकाच छापाचे आहेत आणि ‘अभद्र’, ‘अमंगळ’, ‘ओंगळ’ या विशेषणांचा त्यांच्याकडे इतका सुकाळ आहे, की काही पाने केवळ विशेषणांवर उभी राहतात. तरीही जी. एं.चा प्रभाव शोधताना आपण अनुकरण करणाऱ्या लेखकांपाशी थांबतो, आणि धारपांचा शोधू लागलो तर सिनेमागृहाबाहेरच्या रांगेत जाऊन पोचतो.

भरताच्या रसव्यवस्थेत भयानक आणि बीभत्स हे वेगळे रस आहेत. एकाचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. किंगनेही ‘दान्स मकाब्र’ (१९८१) या पुस्तकात भयाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत आणि निव्वळ किळस ही सर्वांत खालची मानली आहे. धारपांची ती ओंगळ विशेषणे याच पायरीवरची. पण त्यांचे खरे सामर्थ्य तिथे नाही. ते आहे मध्यमवर्गीय घराच्या बारकाव्यात. मराठी भूत तोवर वडा-पिंपळावर, पडक्या वाड्यात, नदीच्या डोहात राहत असे. धारपांनी त्याला ब्लॉकमध्ये आणले. ‘४४० चंदनवाडी’ हे कादंबरीचे नाव म्हणजे नुसता पत्ता आहे. टपालवाल्याला सापडेल असा. नोकरी करणारा, पेपर वाचणारा, भुतांवर विश्वास नसलेला नायक, त्याची बायको, भाड्याची जागा, आणि त्या जागेच्या एखाद्या कोपऱ्यात काहीतरी बिनसलेले. शिवाय हे ‘काहीतरी’ बहुधा अतृप्त आत्मा नसते. त्याला नाव नसते, पूर्वजन्म नसतो, तुमच्याकडून कोणते येणेही नसते. दुसऱ्या मितीतून, माणसाच्या आधीच्या काळातून ते आलेले असते. गुरुचरित्रातला समंध मुलाला मारतो कारण त्याचे पैसे बुडाले आहेत. धारपांचे जे आहे ते मारते कारण तुम्ही वाटेत आहात. इथे ती खातेवही पहिल्यांदा हरवते. हा अमेरिकेच्या एच. पी. लव्हक्राफ्टचा (१८९०–१९३७) वारसा: विश्व माणसाचे शत्रू नाही, त्याला माणसाची दखलच नाही.

आणि नेमक्या याच ठिकाणी धारप कचरतात. खातेवही हरवलेल्या जगात ते समर्थांना आणून बसवतात. समर्थ येतात, पाहतात, मंत्र, रेषा, ध्यान यांची जुळवाजुळव होते, झुंज होते आणि जे आले होते ते परतवले जाते. किंगच्या ‘सालेम्स लॉट’मध्ये फादर कॅलहन हा पाद्री रक्तपिपासूसमोर क्रूस धरतो, आणि त्याचा स्वतःचा विश्वास डळमळतो तेव्हा तो क्रूसही निष्प्रभ होतो. त्या कादंबरीतले खरे भय त्या क्षणात आहे. समर्थांच्या बाबतीत असे घडूच शकत नाही. घडले तर त्यांचे नाव बदलावे लागेल. म्हणून समर्थांच्या कथा वाचताना आपण दचकतो, पण घाबरत नाही. शेवटाची हमी मुखपृष्ठावरच दिलेली असते. लव्हक्राफ्टच्या मागून आलेल्या ऑगस्ट डर्लेथनेही त्याच्या निर्विकार विश्वात चांगले-वाईट असे दोन पक्ष पाडून त्याची सोय लावली होती. धारपांनी तेच केले, फक्त त्यांना चांगला पक्ष नव्याने शोधावा लागला नाही. तो औदुंबराखाली तयार होता.

समर्थांच्या कथा धारपांच्या सर्वांत लोकप्रिय कथा असतील, पण सर्वांत चांगल्या नव्हेत, असे आमचे मत आहे. ज्या कथांत समर्थ येत नाहीत, त्या टिकल्या. त्यांतली एक किती टिकली, हे पाहण्यासाठी एका नावाच्या मागे जावे लागेल.

अँब्रोज बिअर्स या अमेरिकी लेखकाने १८९१ मध्ये एका मेंढपाळाची छोटीशी बोधकथा लिहिली. त्या मेंढपाळाचा देव ‘हस्तूर’. अगदी निरुपद्रवी, कळपांचा कनवाळू रक्षक. चार वर्षांनी रॉबर्ट चेंबर्सने ‘द किंग इन यलो’ या संग्रहात हे नाव उचलले, पण ते देवाचे की गावाचे की ताऱ्याचे, हे धूसर ठेवले; धूसर ठेवल्यामुळेच ते भीतिदायक झाले. लव्हक्राफ्टने १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कथेत ते इतर अनाकलनीय नावांच्या यादीत नुसते टाकले. डर्लेथने त्या यादीतून त्याला उचलून महाभयंकर आदिम देवतांच्या कुळात बसवले, नातीगोतीही लावून दिली. मग १९८४ मध्ये किंगची ‘ग्रॅमा’. अंथरुणाला खिळलेल्या, जारणमारण केलेल्या आजीसोबत एक लहान मुलगा घरात एकटा आहे. आजी मरते आणि तरीही उठते. आणि फोनवरून मावशी त्याला सांगते, की हस्तूरचे नाव घेऊन तिला निजायला सांग. मेंढरांच्या रक्षणकर्त्याचे नाव शंभर वर्षांच्या आत म्हातारीला निजवण्याच्या कामी आले.

धारपांची ‘आजी’ या कथेवर बेतलेली. राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. त्यांनी सांगितल्याप्रमाणे १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना धारपांची ही कथा सांगितली आणि ती त्यांच्या मनातून गेली नाही. वाचायला दिली नाही, सांगितली, हे इथे महत्त्वाचे. छापील इंग्रजी कथा छापील मराठी झाली आणि तिथून निघून रात्री जंगलात तोंडी सांगायची गोष्ट झाली, म्हणजे भुताची गोष्ट मुळात जिथे असते तिथे परत गेली. पंचवीस वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१८ रोजी, ‘तुंबाड’ प्रदर्शित झाला. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून, मुळातली आजी धारपांकडून, आणि तिला निजवायला जे नाव घ्यायचे ते ‘हस्तर’. बिअर्सचा मेंढपाळ, चेंबर्सचा पिवळा राजा, लव्हक्राफ्टची यादी, किंगचा टेलिफोन आणि धारपांची भाड्याच्या वाचनालयातली पुस्तके ओलांडून हा देव कोकणच्या पावसात पोचला. चित्रपट हिंदीत आहे; पण त्यातली माणसे, वाडा, सरकार, केशवपन केलेली विधवा, चूल, पुरचुंडी हे सारे मराठी आहे.

‘तुंबाड’ने हस्तरला जे दिले ते आधीच्या कुणीही दिले नव्हते: भूक. तो समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र. सोने घेतो, धान्याकडे हात टाकतो, इतर देव त्याच्यावर तुटून पडतात, आई त्याला वाचवते ती त्याची पूजा कधीही होणार नाही या अटीवर. पोथीच्या धाटणीची ही कथा नवी रचलेली आहे. पण ती ऐकून अनेकांना ती जुन्या पुराणातलीच वाटली, आणि यापेक्षा मोठी पावती कथाकाराला मिळत नाही. कणकेच्या बाहुल्या घेऊन गर्भागारात उतरणारा विनायक एक-एक मोहर आणतो, मुलालाही तोच धंदा शिकवतो. १९१८ पासून १९४७ पर्यंतचा काळ, खालसा होत चाललेले वाडे, बापाकडून मुलाकडे जाणारा लोभ. वॉलपोलच्या किल्ल्यात कोसळलेले शिरस्त्राण इथे पोचले आहे. आणि या जगात समर्थ नाहीत. मंत्र आहे, पण तो फक्त थोडा वेळ निजवतो. धारप जिथे कचरले, तिथून त्यांच्या कथेच्या नातवाने पुढे पाऊल टाकले, असे म्हणता येईल. याच वर्षी, ऑगस्टच्या अखेरीस, ‘स्त्री’ हा हिंदी चित्रपट येऊन गेला होता. त्याच्या मुळाशी कर्नाटकात १९९० च्या दशकात दारांवर लिहिले जाणारे ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, आहे. मराठी मुलखातली हाकामारी तिची सख्खी बहीण. सीमेच्या दोन्ही बाजूंची भुते एकाच वर्षी हिंदीत गेली, ही नोंद जाता जाता करून ठेवावीशी वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे. आमच्यासारख्या गावांत, जिथे वर्गातल्या एखाद्या मुलीला ‘लागीर’ झाले म्हणून आठवडाभर शाळेत पाठवले जात नाही, तिथे धारप वाचायला द्यावेत का? हा प्रश्न सैद्धांतिक नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. समर्थ अर्थातच कुणाला साखळीने बांधत नाहीत. पण ज्या वाचकाने साखळी पाहिली आहे, त्याला समर्थांच्या कथेतून नेमके काय मिळते? झ्वेतान तोदोरोव्हने १९७० मध्ये अद्भुताची जी मीमांसा केली, तिचे मर्म संभ्रमात आहे: घडले ते खरेच अतिमानवी, की त्याला काही नैसर्गिक कारण आहे, या दोहोंमध्ये वाचक लटकलेला राहतो तोवरच अद्भुत. हा संभ्रम पॅरिसच्या वाचकाचा. पुण्याच्या ब्लॉकमधल्या वाचकालाही तो जमतो. धारपांचा संशयी नायक त्याच्यासाठीच आहे. जिथे पिशाच ही रीतसर निदान आणि उपचार असलेली बाब आहे, तिथे संभ्रम कोठून यावा? तिथे समर्थांची कथा भयकथा राहत नाही, ती पोथीचा पुढचा अध्याय होते. आणि पोथी म्हणून ती मूळ पोथीहून उणी आहे, कारण गुरुचरित्रात निदान पिशाचाचीही बाजू ऐकून घेतली जाते.

यावर बंदी हा उपाय नव्हे, हे लिहिण्याची गरज नसावी. गावात कुणी कुणाला वाचण्यापासून अडवूही शकत नाही. धारपांची पुस्तके छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने नव्याने काढली आहेत, आणि ‘तुंबाड’ १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक गर्दी झाली. शिक्षकाच्या हाती राहतो तो क्रम. आम्ही ‘आजी’पासून सुरुवात करू, समर्थांपासून नव्हे. त्या कथेत घरात मोठे कुणी नाही, आणि मुलाला जे करायचे ते एकट्याने करायचे आहे. त्याशेजारी रत्नाकर मतकरींचा ‘खेकडा’ ठेवू. मतकरींनी (१९३८–२०२०) भय बाहेरून येऊ न देता माणसाच्या मनातच उगवू दिले आणि त्यामुळे त्यांना कुठल्याच समर्थाची गरज पडली नाही. हृषीकेश गुप्ते यांचे ‘घनगर्द’ आणि ‘हाकामारी’ त्यानंतर. गावगाड्याची बोली, वासना आणि दहशत यांची त्यांनी घातलेली सांगड धारपांना साधली नव्हती आणि मतकरींनी केली नव्हती.

आणि मग गुरुचरित्राचे विसावा-एकविसावा अध्याय, कथा म्हणून, श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवून. विद्यार्थ्यांना विचारावे: शौनक गोत्राच्या त्या ब्राह्मणाचे म्हणणे काय आहे? त्याचे पैसे बुडाले, हे तर खरेच. रूपांतराच्या प्रश्नाशी या अध्यायाचा संबंध जोडण्याचा मोहही आम्हांस आवरत नाही. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ (१८८३) केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ (१८९०) केला, पुलंनी ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ (१९७५) केली, आणि आपण त्यांस परंपरा म्हणतो. धारपांनी किंगची ‘आजी’ केली की त्यास उचल म्हणतो. शेक्सपिअरचे ऋण प्रतिष्ठेचे आणि भयकथेचे ऋण चोरीचे, हा भेद नीतीचा कमी आणि वाङ्मयीन जातिव्यवस्थेचा अधिक आहे. मूळ कृतीचे नाव घ्यावे, यात वाद नाही. ते घेऊन मग विचारावे की किंगच्या म्हातारीत आणि धारपांच्या म्हातारीत कोणता फरक पडला. मराठी घरात आजी ही देवघराजवळ असते, गोष्टी सांगते, दृष्ट काढते; भीती पळवण्याचे काम घरात तिच्याकडे असते. अमेरिकी मुलाला परकी, दूरची वाटणारी म्हातारी उठून बसते तेव्हाचे भय, आणि जिच्या कुशीत भीती वाटली की शिरायचे तीच उठून बसते तेव्हाचे भय, ही दोन वेगळी भये आहेत. कथानक तेच राहून.

मैंदर्गीतल्या दुभाषी वर्गात याचा एक भाग आणखी सोपा आहे. फळ्यावर ‘देव’ आणि ‘देव्व’ हे दोन शब्द शेजारी लिहावेत आणि मुलांना दोन्ही मोठ्याने वाचायला सांगावेत.